कुमसार

“तुला कबुली द्यायची आहे ना?” न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो साहेब.”

“पोलिसांनी मारहाण केली? धमकावलं? काही आमिष दाखवलं?”

“नाही साहेब. मीच अर्ज केला.”

“कबुली देण्याची तुझ्यावर सक्ती नाही. आणि दिलीस, तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. समजलं?”

पिंजऱ्यात उभे असलेले इनासकाका गोंधळले. साठीचे, उंच, वाडीत राबून काळवंडलेले. त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग दाराकडे.

“आमचे फादर असं कधी म्हणत नाहीत,” ते म्हणाले.

“कोण फादर?”

“ज्यांना सांगायचं ते. ते कुठं आहेत? मला वाटलं, आज त्यांना आणलंय.”

मागच्या बाकावर मी कपाळाला हात लावला. इनास रुमाव यांची वकील मी. सरकारच्या मोफत कायदा मदतीतून नेमलेली, ठाण्याची मालिनी टिपणीस. अशिलाला कबुलीजबाबासाठी उभं करतायत हे मला सकाळी एका शिपायाकडून कळलं होतं आणि मी हातातला घास तसाच टाकून धावत आले होते.

“मला सांगायचं आहे की नाही?” साहेब चिडले.

“तुम्हांला नाही साहेब. राग नका मानू. तुम्ही तो माणूस नव्हे.”

लोक हसले. इनासकाकांना हसण्याचं कारण कळलं नाही.

घोळ एका शब्दाचा होता. इनासकाका वसईकडचे ख्रिस्ती. घरात त्यांची सामवेदी बोली, माझ्याशी मात्र शाळेतलं मराठी बोलायचे. त्यांच्यात पाद्र्याजवळ पापं सांगून क्षमा मागायचा विधी असतो. त्याला ते कुमसार म्हणतात. तुरुंगात पाय सुजायला लागले, डॉक्टरने मूत्रपिंडं गेलीत म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी अधीक्षकांकडे अर्ज करायचं ठरवलं. अर्ज लिहायला बसला बरॅकीतला एक साताऱ्याकडचा कैदी. अक्षर सुंदर, म्हणून सगळ्यांचे अर्ज तोच लिहायचा. त्याने विचारलं, कुमसार म्हणजे काय हो? काका म्हणाले, केलेलं पाप कबूल करायचं. त्या गृहस्थाने आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: ‘मला कबुली द्यावयाची आहे, तरी व्यवस्था व्हावी.’ खुनाच्या आरोपातला कैदी कबुली द्यायची म्हणतो म्हटल्यावर अधीक्षकांनी व्यवस्था केली. पोलीस खूश, सरकारी वकील खूश. आंधळा मागतो एक डोळा, अशी त्यांची गत झाली होती.

त्या दिवशी साहेबांनी ‘आरोपी निवेदन देण्यास तयार नाही’ असं लिहून त्यांना परत पाठवलं. पण कबुली हा शब्द एकदा कागदावर पडला तो पडलाच.

खटला त्यांच्या धाकट्या भावाच्या खुनाचा होता. भाऊ बस्त्याव, पिणारा. दोघांची मिळून केळीची नि पानवेलीची वाडी, आणि वाडीच्या पाण्यासाठी बावखल. वसईकडे वाडीत खोल गोड्या पाण्याचं तळं खणलेलं असतं, त्याला बावखल म्हणतात. बस्त्यावला वाडी बिल्डरला विकायची होती. इनासकाकांना नव्हती. एका दुपारी रस्त्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि काका सगळ्या आळीसमोर म्हणाले, “वाडी विकलीस तर बावखलात लोटीन तुला.” दुसऱ्या दिवशी सकाळी बस्त्याव बावखलात तरंगत होता. डोक्याला खोक होती. पोलिसांना आणखी काय पाहिजे?

मी त्यांना तुरुंगात भेटायला जायची, तेव्हा दर वेळी तेच व्हायचं.

“त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?”

“घरात.”

“सोबत कोण होतं?”

ते जाळीचा गंज नखाने खरवडू लागायचे.

काका विधुर. मूलबाळ नाही. भावाच्याच घरात राहायचे. घरात तिसरं माणूस म्हणजे बस्त्यावची बायको रेजिना. लेक त्या आठवड्यात आजोळी गेली होती. रेजिनाने पोलिसांना जबाब दिला होता, की ती डोकं दुखतं म्हणून आत निजली होती, तिला काही ठाऊक नाही.

“रेजिनाबाईंनी तुम्हांला घरात पाहिलं असेल की. मी तिला साक्षीला बोलावते.”

“तिला नका बोलावू, वकीलबाय.”

“का?”

“तिला तरास नको.”

“आणि तुम्हांला फाशी चालेल?”

ते जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, “बाय, तुम्ही शिकलेल्या. एक सांगा. एखाद्यानं काही केलंच नाही, तर कायद्यात गुन्हा होतो का?”

“काही केलंच नाही तर कसला गुन्हा?”

“बघा. म्हणून मला फादर पाहिजे.”

माझं डोकंच फिरलं. मी तेव्हा तिशीतली, जिभेला हाड नसलेली. म्हटलं, “काका, माझ्यापाशी तोंड उघडत नाही आणि देवापाशी सगळं ओकायचंय! तुमचा देव येणार आहे का कोर्टात उलटतपासणीला?”

“तो येणार नाही. मलाच जायचंय त्याच्याकडं.” त्यांनी आपल्या पायांकडे बोट दाखवलं. पाऊल सुजून चप्पल आत जात नव्हती. “कुमसार केल्याबिगर कसा जाऊ?”

मला राग आवरला नाही, पण त्या रागात काही दम उरला नाही. मी जामिनाचा अर्ज केला होता, तो नाकारला गेला होता. पुन्हा केला, पुन्हा नाकारला गेला. माझ्या हातात खरं म्हणजे फादरशिवाय त्यांना देण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यांच्या गावचे फादर नुनीस स्वतः येऊन मला भेटले. गोल चेहऱ्याचा, घामाघूम झालेला माणूस. ते दोनदा तुरुंगाच्या दारातून परत गेले होते. अधीक्षक वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की धार्मिक विधीला हरकत नाही, मात्र कुठल्याही मुलाखतीला शिपाई ऐकू येईल एवढ्या अंतरावर हवा.

“मग ऐकू दे की शिपायाला,” मी म्हटलं. “गावित नावाचा शिपाई आहे तिथला, नंदुरबारकडचा, भला माणूस आहे.”

“भला असेल हो. पण तिसरा कान आला की ते कुमसार राहत नाही. इनास तोंड उघडणार नाही.”

“आणि समजा, सरकारी वकिलांनी उद्या तुम्हांलाच साक्षीला बोलावलं तर?”

“बोलवू देत. मी येईन. बसा म्हणाले तर बसेन, चहा दिला तर पिईन. बोलणार नाही.”

“तुरुंगात टाकतील.”

“मग तिथं इनासला भेटायला परवानगी लागणार नाही,” फादर म्हणाले आणि रुमालाने मान पुसू लागले.

मी सत्र न्यायालयात अर्ज दाखल केला. त्याआधी माझ्या कर्तव्याला जागून काकांना एकदा बजावलं. हा अर्ज मागे घ्या, निकाल लागेपर्यंत थांबा. तुम्हांला काही कबूल करायचंय हे जितक्यांदा कोर्टात बोललं जाईल तितका फास आवळेल.

“आवळू दे,” ते म्हणाले. “माझी मुदत तुमच्या निकालापेक्षा लवकर संपेल.”

त्या दिवशी जाताना गावित मला दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, “बाई, हा बाबा रोज संध्याकाळी जप म्हणतो. पण गंमत बघा, अर्धं म्हणतो आणि थांबतो. उरलेलं जसं काही दुसरं कुणी म्हणणार आहे. थोडा वेळ गप्प बसतो, मग पुन्हा पहिल्यापासून अर्धं.”

मी म्हटलं, म्हातारा माणूस, विसरत असेल. खटल्याच्या दृष्टीने मला त्यात काही दिसलं नाही.

न्यायाधीश गोगटे यांच्यासमोर सुनावणी झाली. सरकारी वकील भागवत उभे राहिले आणि त्यांनी तो अर्ज हातात नाचवला. “हा शब्द आरोपीचाच आहे, महाराज. कबुली! निर्दोष माणसाला कबुली कशाला लागते? आणि ती कुणाला ऐकू न येता द्यायची म्हणे. म्हणजे पुरावा आमच्या डोळ्यांदेखत पुरायचा आणि आम्ही बघत बसायचं.”

मी उठले. “सरकारी वकिलांच्या घरी परवाच सत्यनारायण झाला. प्रसाद मलाही मिळाला. पूजेच्या शेवटी कळत नकळत झालेल्या अपराधांची त्यांनी हात जोडून क्षमा मागितली असेलच. त्यांच्यावर कोणतं कलम लावायचं ते सांगावं.”

कोर्टात खसखस पिकली. गोगटे हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी सांगितलं, की माझा अशील अजून कच्चा कैदी आहे, शिक्षा झालेला नाही, आणि झालेला असता तरी फरक पडला नसता. घटनेने दिलेलं धर्मस्वातंत्र्य तुरुंगाच्या दारात घड्याळ-पाकिटासारखं काढून ठेवायचं नसतं. सुरक्षेसाठी बंधन घालता येतं, पण इथे सुरक्षेचा प्रश्न नजरेने सुटतो, कानाने नाही. “मी वकील म्हणून त्यांना भेटते, तेव्हा शिपायाला आम्ही दिसतो, आमचं बोलणं ऐकू येत नाही. मला जे मिळतं ते फादरना का नाही? या कोर्टापेक्षा त्यांच्या कोर्टात जाण्याची माझ्या अशिलाला घाई आहे.”

गोगटे पिंजऱ्याकडे वळले. काकांना उभं राहणं कठीण होतं, त्यांना स्टूल दिलं होतं.

“रुमाव, कुमसार म्हणजे काय, तुम्ही सांगा.”

काका धरून धरून उठले. “साहेब, घर झाडल्यावर केर सुपात भरून दाराबाहेर टाकतात. तो केर घरातच राहिला तर माणूस निजणार कसा? आणि टाकलेला केर रस्त्यात बसून कुणी उकरत नाही. तसं.”

“त्या केरात तुमच्या भावाचा मृत्यू आहे का?”

मी ताडकन उठले. असा प्रश्न विचारता येत नाही. पण काकांनीच मला हाताने थांबवलं.

“माझी पापं आहेत साहेब,” ते म्हणाले. “माझी सांगेन. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं तर ते भिंतीलासुद्धा कळू नये, म्हणून एकांत मागतो.”

गोगट्यांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. फादर नुनीस यांना आरोपीची भेट द्यावी. शिपाई नजरेच्या टप्प्यात राहील, कानाच्या टप्प्यात नाही. फादरना या भेटीबद्दल कोणीही काही विचारू नये. आणि अर्जातला ‘कबुली’ हा शब्द आरोपीविरुद्ध वाचला जाऊ नये. जामीन त्यांनी दिला नाही. मी बाहेर येऊन रडले. जिंकल्यावर असं रडू येतं हे मला ठाऊक नव्हतं.

भेट तुरुंगाच्या आतल्या अंगणात झाली. मी आणि गावित लांब, पाण्याच्या टाकीपाशी. फादरांनी खिशातून जांभळी पट्टी काढली, तिचं चुंबन घेऊन गळ्यात घातली. काकांनी गुडघे टेकायचा प्रयत्न केला, जमेना. फादरांनी जवळची बादली पालथी घालून त्यांना वर बसवलं आणि स्वतःच त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गावितने थोडा वेळ पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“ऑर्डरीत लिहिलंय ना, दिसले पाहिजेत म्हणून?” मी विचारलं.

“दिसले पाहिजेत लिहिलंय बाई. बघत राहिलं पाहिजे असं नाही लिहिलेलं.”

काकांचे खांदे हलत होते. एकदा त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले, तसेच झाकून बोलत राहिले. शेवटी फादरांनी उठून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

फादर परत आले तेव्हा डोळे लाल झाले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, “मला काही नका सांगू. फक्त एवढं सांगा, त्यांना वाचवायचा रस्ता आहे का?”

फादर म्हणाले, “टिपणीसबाई, तुमच्या ठाण्यात चांगला पाव कुठं मिळतो?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग समजलं, की हा माणूस यापुढे त्या विषयाच्या आसपाससुद्धा फिरकणार नाही.

काका मात्र जाळीपाशी आले ते वेगळेच दिसत होते. सूज तीच, पिवळेपणा तोच, पण चेहऱ्यावरची घडी उलगडली होती.

“वकीलबाय, एक काम सांगू? फादरनी प्रायश्चित्त दिलंय. प्रार्थना आहेत, त्या मी करीन. पण एक गोष्ट इथून होत नाही. बावखलाच्या कडेला नारळ आहे. त्याच्या बुंध्याला काथ्याचा जाड दोर बांधायचा आणि पाण्यात सोडायचा. कायमचा.”

“कशाला?”

“कुणी पडलं तर धरून वर येईल.”

“तुमच्याकडे तर आळीत इतकी माणसं. हाक मारली की येतील ना धावून.”

त्यांनी जाळीवर बोटं ठेवली. “हाक मारली की कुणी येतंच असं नाही, बाय.”

तेव्हा मला त्यांचा जुना प्रश्न आठवला. एखाद्यानं काही केलंच नाही तर, असं त्यांनी विचारलं होतं. त्यांनी भावाला लोटलं नव्हतं. त्यांनी भावाची हाक ऐकली होती, आणि ते गेले नव्हते. माझ्या कायद्यात ह्याला खून म्हणत नाहीत. त्यांच्या मनात त्याला दुसरं नाव नव्हतं.

“तुम्ही हे कोर्टात सांगाल?” मी हळूच विचारलं. “निदान घरात होतात हे सिद्ध होईल.”

“सांगायचं त्याला सांगून झालं,” ते म्हणाले.

काका सरकारी इस्पितळात वारले. साक्षी सुरू व्हायच्या आतच. कोर्टाने ‘आरोपी मयत, खटला संपुष्टात’ असं लिहून फाइल बंद केली. सुटले असंही नाही, दोषी असंही नाही. गावात मात्र निकाल लागला होता. कुमसाराला एवढा कोर्टात भांडला, म्हणजे केलंच असणार, असं लोक म्हणत. फादर नुनीसांनी त्यांना चर्चमध्ये नेऊन रीतसर माती दिली, तेव्हा आळीतली निम्मी माणसं आली नाहीत. ज्यांना खरं माहीत होतं त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं, आणि माझ्यापाशी अंदाजाखेरीज काही नव्हतं.

काही दिवसांनी मी दोर घेऊन त्यांच्या वाडीत गेले. बावखलाचं पाणी हिरवं, शांत होतं. काठ इतका सरळ तासलेला, की आत पडलेल्या माणसाला धरायला गवताची काडीसुद्धा नव्हती. मी नारळाला दोर बांधत होते तेव्हा मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. काळी साडी, हातात काही नाही. मी रेजिनाला कोर्टात लांबून पाहिलं होतं.

“कुणी सांगितलं हे?” तिने विचारलं.

“इनासकाकांनी. फादरनी त्यांना दिलेलं प्रायश्चित्त आहे.”

ती काठावर बसली.

“त्यानं माझं नाव घेतलं?”

“माझ्याजवळ कधीच नाही. तुम्हांला साक्षीला बोलावू नका, एवढंच म्हणाले.”

तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. मग बोलायला लागली ती माझ्याशी नव्हे, पाण्याशीच बोलल्यासारखी.

“तेर्स चालली होती. आमची संध्याकाळची माळ. तो पुढचं म्हणायचा, मी मागचं. नमो मारिया तो म्हणणार, पवित्र मारिये मी म्हणणार. रोजचं. मधेच हाक आली. ‘दादा, ए दादा!’ बस्त्याव रोज पिऊन वाडीत ओरडायचा. दुपारीच मला मारलं होतं त्यानं. इनास थांबला. माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. पुन्हा हाक आली. तो पुढचं नमो मारिया म्हणाला. म्हणून मी मागचं म्हटलं.”

वाऱ्याने केळीची पानं फडफडली.

“मग हाक बंद झाली. आम्ही माळ पुरी केली.”

मला गावितचे शब्द आठवले. अर्धं म्हणून थांबतो, जसं काही उरलेलं कुणी म्हणणार आहे. तो माणूस विसरत नव्हता. तो रोज तिच्यासाठी थांबत होता.

“तुम्ही हे सांगितलं असतंत,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, “तर ते त्याच दिवशी सुटले असते! ते तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही ‘आत निजले होते’ म्हणालात.”

“लोक काय म्हणाले असते? नवरा बुडतोय आणि बाई दिराबरोबर घरात बसलीय. माझी लेक आहे. मी घाबरले. मला वाटलं तोच सांगेल.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “हाक आली तेव्हा त्याला वाटलं मी जाईन, मला वाटलं तो जाईल. त्या दिवशीपण तसंच झालं होतं.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. शब्द तयार होते. पण ते ऐकून कोण सुटणार होतं?

मी दोराकडे वळले आणि पकड मिळावी म्हणून त्याला हातभर अंतरावर गाठी मारू लागले. दोन गाठी झाल्यावर तिने दोर माझ्या हातातून घेतला.

“जवळ जवळ मारायच्या, बाय. पिलेल्या माणसाचा हात घसरतो.”

ती गाठी मारत गेली. काथ्याने बोटं सोलली तरी थांबली नाही. दर गाठीला तिचे ओठ हलत होते. ती कुठलं अर्धं म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही.

घराकडून लेकीने हाक मारली, “आई!”

रेजिना अर्धी गाठ तशीच टाकून उठली आणि धावत सुटली. वाटेत ठेच लागली, पडली, पुन्हा उठून धावली. लेकीला फक्त मीठ कुठं ठेवलंय ते विचारायचं होतं.